नमुन्याच्या बाटलीचा दोरा

प्रिय रईस,

दूध केंद्राची बैठक दुपारी संपली. तुला कामावर ठेवायचं की काढायचं, एवढा एकच विषय होता. काढायचं ठरलं. शिपाई नोटीस घेऊन येईल, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

धुळाजीच्या म्हशीच्या आणि साखराबाईच्या गाईच्या दुधाचे नमुने घेताना तुझ्याकडून बाटल्यांची अदलाबदल झाली, तो दिवस पुन्हा उकरला गेला. गाईच्या दुधाला म्हशीचं फॅट लागलं म्हणून तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. आज कोणी हसलं नाही. तुझ्या एडीएचडीचा, त्या लक्षाच्या आजाराचा, विषय निघाला, तर चेअरमन तात्याबा म्हणाले, "लेकरांचा आजार हाय तो. ह्याला काय बालवाडीत घालू?" दुसरा म्हणाला, "मशीन बिघडलं की दुरुस्तीला बसून तीन तास मान वर करत न्हाई. तवा लक्ष कुठून येतं बे?" तू मागितलं होतंस तरी काय? डब्याला आणि त्याच्या बाटलीला एकाच रंगाचा दोरा बांधू द्या, आणि नमुना घेताना चौघांनी हाका मारू नका. साखराबाई दारातून ओरडली, "बांधू द्या की दोरा! कावून एवढं जड जातंय?" तिला बाहेर घालवलं.

मग कामगारांचा पुढारी म्हणून मी उठलो. शाळेत माझी पहिली भाषणं तूच ऐकलीस. मधेच उठून पाखरामागे पळायचास, आणि परत येऊन मी नेमका कुठे चुकलो ते सांगायचास. आज मी गरजलो, की शिस्त हीच गरिबाची ताकद आहे, मनावर घेतलं तर कुणालाही लक्ष ठेवता येतं, आळसाला आजाराचं नाव देणाऱ्याला पाठीशी घालू नका. टाळ्या पडल्या. हात वर झाले.

रईस, डॉक्टरांचं दोन पानी पत्र तू आठ दिवसांपूर्वी माझ्याकडे दिलं होतंस, बैठकीत वाचून दाखव म्हणून. मी ते उघडलंसुद्धा नव्हतं. कपाटभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला दोन पानं काय शिकवणार, हा माज. टाळ्या घेऊन घरी आलो, तेव्हा वाचलं. त्यात लिहिलंय, की लक्ष असतं, पण ते कुठे लागावं हे त्याच्या हातात नसतं. मोठेपणीही हे राहतं. थोडी सोय केली तर हा माणूस चोख काम करील. मी तात्याबांना फोन लावला. ते म्हणाले, "आता काय उपयोग? ठराव झाला. अन् तुमच्याच भाषणावर झाला."

तुझाच म्हणायची लायकी घालवलेला,
सुग्रीव