माझं नाक सध्या तुमच्याकडे आहे

तीर्थरूप सासूबाईंना,

जावयाचा नाक मुठीत धरून नमस्कार. (नमस्कार नेहमीचाच आहे. नाक मध्येच का आणलं ते पुढे कळेल.) तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. डाव्याचं पुढच्या आठवड्यात आहे, तोवर वाकायचं नाही, वाचायचं नाही, जड उचलायचं नाही आणि कुणावर डोळे वटारायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं आहे म्हणे. (शेवटची सूचना डॉक्टरांची आहे की तुमच्या लेकीने हळूच घुसडली आहे, याची एकदा खात्री करून घ्यावी.) गुडघा कसा आहे? झोप लागते का? झोपेबद्दल मला थोडी माहिती आहे, पण ते ओघाने येईल.

फोन करायचा सोडून हा माणूस पत्र का लिहीत बसलाय, असं तुमच्या मनात येईल. फोनवर माझं बोलणं तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि जेवढं येतं तेवढं पटत नाही. शिवाय सांगायचं आहे ते लांबलचक आहे. तरी आधी एवढं सांगून टाकतो की काळजीचं कारण नाही. माझी जागा शाबूत आहे. गेले दोन महिने ती जाणार या धास्तीने मला घास गोड लागत नव्हता, आणि परवा सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी सुटलो. तेव्हापासून मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढतो आहे आणि लोक माझ्याकडे बघताहेत.

आता एक जुनी गोष्ट कबूल करतो. लग्न जमवताना आमच्या काकांनी तुम्हाला सांगितलं होतं की मुलगा मोठ्या हॉटेलात पेयविभागात आहे. ते खोटं नव्हतं. तुम्ही त्यावरून सरबत धरून चाललात आणि बावीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचे जावई सरबतातले जाणकार म्हणून सांगत आलात. मीही दर सुट्टीत तुमच्याकडे येऊन मुकाट्याने लिंबं पिळत आलो. सासूबाई, मी व्हिस्की देतो. पहिल्या मजल्यावर एक खोली आहे, तीन बाजूंना काचेची कपाटं, त्यात एकशे चाळीस बाटल्या आणि मधोमध काळं जाकीट घातलेला मी. गिऱ्हाईक बसतं, मी बाटली दाखवतो, ओततो आणि तिच्यात कसले कसले वास आहेत ते समजावून सांगतो. मी स्वतः पीत नाही. घोट तोंडात फिरवून बाजूच्या भांड्यात थुंकायचा असतो. (बावीस वर्षांत जिन्यावर माझा तोल गेलेला नाही. एकदा गेला होता, पण तेव्हा फरशी ओली होती.)

हे सगळं काम नाकाचं आहे, हे तुमच्या ध्यानात यावं म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. जिभेला गोड, कडू, आंबट असं चार-पाचच कळतं, बाकीचा सगळा कारभार नाक बघतं. म्हणून ग्लास तोंडाशी निमुळता लागतो, वास आत कोंडून राहायला हवा. ओतल्या ओतल्या नाक आत खुपसायचं नाही. आधी ग्लास छातीशी धरायचा, मग हनुवटीशी, मग नाकाशी, आणि तोंड किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर नुसतं झणझणतं आणि डोळ्यांना पाणी येतं. मग पाण्याचे दोन थेंब. त्या दोन थेंबांनी तळाशी दडून बसलेले वास वर येतात. काही गिऱ्हाइकं काठोकाठ बर्फ भरतात, वर सोडा ओततात आणि मग मला विचारतात की आता वास कसला येतोय. मी थंडीचा असं सांगतो.

तर दोन महिन्यांपूर्वी मला ताप आला. चार दिवसांनी गेला आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला. कांदा हुंगला, फिनेल हुंगलं, स्वतःचे मोजे हुंगले, काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. कधी येईल ते म्हणाले नाहीत. शिंप्याची नजर गेल्यावर त्याने काय शिवायचं, तशी माझी गत झाली. हॉटेलात कळलं असतं तर मला तळमजल्यावर पाहुण्यांचे कोट आणि छत्र्या सांभाळायला बसवलं असतं. चार दिवस जुन्या पाठांतरावर रेटले. पाचव्या दिवशी सोळा नव्या बाटल्यांची पेटी आली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

घरी येऊन तुमच्या लेकीला सगळं सांगितलं. तिला दारूचा किती तिटकारा आहे ते तुम्ही जाणताच. (माझं जाकीट ती कपडे वाळत घालायच्या चिमट्याने धरून बाल्कनीत नेते.) पण तिचं नाकही तुम्ही जाणता. दूध नासणार हे तिला दुधाच्या आधी कळतं. ती म्हणाली, उद्या थोडी थोडी घेऊन या. मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यातून नमुने आणायला लागलो. सकाळी सातला, चहा झाल्यावर, एक डोळा कुकरवर ठेवून ती एकेक बाटली हुंगायची आणि मी वहीत लिहून घ्यायचो. पहिलीला म्हणाली, दोन वर्षं बंद ठेवलेली ट्रंक, डांबरगोळ्या काढून टाकलेली. दुसरीला म्हणाली, कुकरचं जळकं हँडल, पण आपल्या घरातलं नाही, शेजारचं. तिसरीला, नव्या वहीचं पहिलं पान. चौथी हुंगून म्हणाली, मोठ्या मामांची खोली, आणि एकदम कणीक मळायला लागली. (तुमचे मोठे बंधू घेत असत हे मला त्या दिवशी कळलं. हा विषय मी इथेच सोडतो.)

मी तिचे शब्द जसेच्या तसे गिऱ्हाइकांपुढे टाकायला लागलो. पूर्वी मी पुस्तकातलं बोलायचो, मध, व्हॅनिला, सुकामेवा. लोक मान डोलवायचे आणि फोन बघायचे. आता मी बंद ट्रंक म्हटलं तर दर शनिवारी येणारे बँकेतले साहेब ग्लास नाकाशी धरून पाच मिनिटं बसून राहिले आणि म्हणाले, शिकायला घर सोडलं तेव्हा आईने दिलेली ट्रंक अशीच होती. बघता बघता खोली भरायला लागली. मॅनेजरने ती वाक्यं कार्डावर छापून घेतली, टेबलाटेबलावर ठेवली, खाली माझं नाव. मी एक कार्ड मोठ्या ऐटीत घरी नेलं. तिने वाचलं, उलटून मागची बाजू बघितली, तिथे काही नव्हतं. मग एवढंच म्हणाली, माझं नाव नको, पण घरून कळलं एवढं तरी टाकायचं. मी हसलो. हसायला नको होतं, सासूबाई. तेव्हा कळलं नाही.

त्यात वरून फर्मान आलं की व्हिस्कीसाठी नवी मोठी खोली उघडायची आणि तिच्यावर एकच प्रमुख नेमायचा. उमेदवार दोन, मी आणि आमचा टायपिन. (त्याचं खरं नाव मी विसरलो आहे. तो टायपिन लावतो आणि कुठल्याही व्हिस्कीत त्याला समुद्र दिसतो.) ज्याची निवड होणार नाही त्याला कोट आणि छत्र्या. परीक्षा घ्यायला कंपनीचा मुख्य चाखणारा येणार, तारीख सोमवार. आणि त्याच्या आठ दिवस आधी तुमच्या डोळ्याची तारीख निघाली. लेकीने जायलाच हवं होतं, त्यात दुमत नाही. फक्त ती गाडीत बसली तेव्हा माझं नाकच खिडकीत बसून हात हलवतं आहे असं मला वाटलं.

मग मी तो पार्सलचा उद्योग केला, त्याची माफी मागतो. परीक्षेत येतील अशा चार व्हिस्क्या त्याच औषधाच्या बाटल्यांत भरून तिच्या नावाने पाठवल्या. पार्सल आलं तेव्हा ती तुमचे थेंब आणायला गेलेली. तुमच्या डोळ्यावर पट्टी. तुम्ही चाचपून बाटली ओळखलीत, जावयाने खोकल्याची काळजी घेतली म्हणून तुमचं मन भरून आलं आणि दोन नंबरच्या बाटलीतले दोन मोठे चमचे घेतलेत. पुढे दुपारचे चार तास तुम्ही गाढ झोपलात, आणि उठल्यावर म्हणालात की औषध गुणाचं आहे, जरा धुरकट लागतं. सासूबाई, त्या व्हिस्कीच्या मूळ बाटलीवर कंपनीने नेमकं हेच छापलेलं आहे. नाक तुमच्या घराण्यातच आहे. लेकीने मात्र उरलेल्या तिन्ही बाटल्या मोरीत ओतल्या, आणि मला फोनवर जे ऐकवलं ते दारूचं नाव न घेता तुमच्या समोरच ऐकवलं, तेव्हा पुन्हा लिहीत नाही.

सोमवारी सकाळी निघण्यापूर्वी मी तिला पुन्हा फोन केला. रडकुंडीला आलो होतो. ती म्हणाली, कळत नसेल तर कळत नाही म्हणा. छत्र्या तर छत्र्या, आपण काही उपाशी मरणार नाही. मी म्हटलं बरं, पण मनात म्हटलं की रंग बघून काहीतरी ठोकून देऊ. खोलीत गेलो तर टेबलावर तीन ग्लास, तिन्ही गडद निळ्या काचेचे. रंग दिसू नये म्हणून.

पहिला नंबर टायपिनचा. त्याने पहिला ग्लास हुंगून मध सांगितला, दुसरा हुंगून धूर सांगितला, तिसऱ्याला डोळे मिटून समुद्रावरचा खारा वारा, लांबवर एक होडी, असं सांगितलं. मॅनेजर भारावून गेला. मग मी. मी तिन्ही ग्लास रीतसर छातीशी, हनुवटीशी, नाकाशी धरले. पाण्याचे थेंब घातले. तोंडात घेतलं, थुंकलं. टायपिनचंच थोडं फिरवून सांगावं असं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण कानात सकाळचा फोन होता. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, साहेब, मला या तिन्हींत काहीएक फरक कळत नाही.

आता छत्र्या, असं मी मनाशी म्हटलं. आणि तो परीक्षक खुर्चीवरून उठला, त्याने माझा हात हातात घेतला. तिन्ही ग्लासांत एकाच बाटलीतली व्हिस्की होती. वीस वर्षं तो गावोगाव ही परीक्षा घेतो आहे, आणि आजवर एकानेही फरक नाही असं म्हटलेलं नाही, असं त्याने सांगितलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, साहेब, गैरसमज होतोय, मला मुळात वासच येत नाही. तो म्हणाला, वाः. जो वास नाही तो येत नाही म्हणायला छाती लागते. मी पुन्हा म्हटलं, माझं नाक गेलंय. तो मॅनेजरकडे वळून म्हणाला, आणि वर हा विनय. तिसऱ्यांदा मी काही बोललो नाही. माणसाने सत्य किती वेळा सांगावं यालाही मर्यादा आहे.

तर अशा रीतीने मी एक तारखेपासून नव्या खोलीचा प्रमुख आहे. टायपिन छत्र्यांवर बसला नाही, त्याला मीच माझ्या हाताखाली मागून घेतलं. लांबवरची होडी दिसणारा माणूस गिऱ्हाइकांपुढे उपयोगी पडतो.

डोळ्यांना जपावं, थेंब वेळच्या वेळी घालावेत, आणि खोकला आलाच तर दुकानातलं औषध घ्यावं.

तुमचा,
सरबतवाला जावई

ता. क. डाव्या डोळ्याचं आटोपलं की लेकीला लगोलग पाठवून द्यावं आणि तिच्या जागी धाकटीला बोलावून घ्यावं. हे मी माझ्यासाठी म्हणतो आहे असं समजू नये. एक तारखेला तीस नव्या बाटल्या येताहेत आणि नाकाशिवाय माझं एक पाऊल पुढे पडणार नाही. निव्वळ कामाचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा. तुमच्यापाशी लपवणं बरं नाही. नाक मंगळवारीच परत आलं. संध्याकाळी कुलूप उघडलं आणि असा भपकारा आला की गॅस गळतोय असं वाटून मी शेजाऱ्यांना बाहेर काढलं. ओट्याखालच्या टोपलीत बटाटे सडले होते. ती गेल्यापासून मी त्यांच्यासोबत सुखाने राहत होतो. (जिन्यात भेटणारे लोक नाकाला रुमाल का लावत होते ते तेव्हा कळलं.) मी तिथेच खाली बसून पोटभर हसलो. मग घरभर हुंगत फिरलो, साबण, वर्तमानपत्र, बुटाचं पॉलिश, चहाचा डबा. शेवटी दारामागे तिची जुनी शाल लटकते आहे, तिथे थांबलो. बराच वेळ थांबलो. एकशे चाळीस बाटल्यांत तो वास नाही. पण हे तिला कळू देऊ नये. कामाचं कारण सांगूनच पाठवावं, नाहीतर फार भाव खाईल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला घेतलं आणि आत्ता लक्षात आलं. तुमच्या डोळ्यावर पट्टी आहे, वाचायला बंदी आहे. म्हणजे हे पत्र तुम्हाला मोठ्याने वाचून कोण दाखवतं आहे, ते सांगायला नको. एवढी पानं पुन्हा लिहिण्याचं त्राण माझ्यात नाही. तेव्हा, यापुढचं मोठ्याने वाचू नकोस, मनातच वाच. नवी कार्डं छापून आली आहेत. माझं नाव काढलं. खाली फक्त 'घरून कळलं' एवढंच आहे. मॅनेजरने विचारलं हे काय, तेव्हा त्याला सगळं सांगितलं, आणि या वेळी त्याला ते पटलं. बटाटे टाकून दिले आहेत, टोपली दोनदा धुतली आहे. आता यायला हरकत नाही.