टोपी की लुगडं?

प्रिय माय,

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळच्या बसनं कारंजाला आले, दुकान उघडलं, विहिरीवरच्या दोन मोटरींना वार्निश मारून उन्हात ठेवलं. आता ते वाळेपर्यंत मला काही काम नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. पण आता तरी ती अडचण नसावी ना?

आधी एक कबुली देते. तू गेलीस आणि मला हलकं वाटलं. रडले, पोटभर रडले, वहिनीला विचार. पण तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी आलो, हातपाय धुतले आणि माझ्या मनात आलं, सुटले! मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की मोरीतून बाहेर यायला पाय उचलेना. लेकीनं असं म्हणावं का? नसेलही म्हणू. पण तुला खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला?

कशातून सुटले, ते तुला आणि मला माहीत आहे. निदान कालपर्यंत मला वाटत होतं की ते फक्त आपल्या दोघींनाच माहीत आहे!

तो दिवस आठवतो? दुसऱ्या दिवशीच्या आर्वीच्या बाजारासाठी आपण मेथीच्या जुड्या बांधत होतो. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. मला पाहायला आलेले पाहुणे पसंती कळवून गेले होते आणि तू खुशीत होतीस. मी खाली मान घालून बोलून टाकलं, "माय, मले नवरा नाई पाहिजे. कविता आहे ना, आर्वी डेपोची कंडक्टर, मी तिच्यासंग राहीन. जल्मभर."

तू एक जुडी बांधलीस. "मैत्रीण तं सगळ्याइलेच असते वं."

"तशी नाई, माय."

तू आणखी तीन जुड्या बांधल्यास. मी मोजल्या, दुसरं काय करणार होते? मग तू म्हणालीस, "पाह्यण्याइले मी नाई सांगतो. पण मी जिती आहो तवर गावात बोलू नको. मंग काय करायचं ते करजो."

मी लगेच हो म्हणाले. तू आरडाओरडा केला नाहीस, विहिरीची धमकी दिली नाहीस, मला तर आभाळच मिळालं. त्या आनंदात शब्द देऊन बसले, आणि तो पाळायला किती जड जाईल याचा विचारच केला नाही. अकरा वर्षं पाळला, माय. गावात येताना दुकानातल्या शर्टावर ओढणी टाकायची. कविता कोण, तर रूमवर सोबत राहते ती. दादाच्या पोरीच्या बारशाला ती आली तेव्हा परक्या बाईसारखी मागच्या पंगतीत जेवली आणि पाच वाजताच्या गाडीनं निघून गेली. तू तिच्या ताटात दोनदा वरण वाढलंस, ते मी पाहिलं होतं. तोंडानं मात्र एक शब्द नाही.

तुझी तऱ्हाच और. तिच्या बसमध्ये बसायचीस, वांग्याचं पोतं पायाशी घेऊन. तिनं तिकीट फाडलं की भाडं तिच्या मुठीत ठेवायचीस आणि म्हणायचीस, "माया पोरीले सांगजो, खोकला आहे तं थंडं पाणी नको पिऊ." पोरगी कुठे राहते, कोणाबरोबर राहते, यातलं काही नाही. कविता रात्री जेवताना तुझी नक्कल करायची आणि आम्ही लोळून हसायचो. हसायचो खरं, पण मला राग पण यायचा. निरोप द्यायला ती चालायची, मग जावई नाही तर सून म्हणायला काय होत होतं?

या मोटरींच्या कामापायी तर तू माझ्याशी किती भांडलीस! मला शिवणक्लासला घातलंस. मी तिथे एक ब्लाऊज धड शिवला नाही, पण बाईंच्या तीन मशिनी दुरुस्त करून दिल्या. मग आपल्या विहिरीवरची मोटर जळाली, दादानं ती आर्वीला वाइंडिंगवाल्याकडे टाकली आणि मी सोबत गेले. म्हातारा मिस्त्री जळकी तार काढून नवी भरत होता. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच बसले, जेवायचीही शुद्ध नव्हती. तो म्हणाला, "बोटं बारीक आहे तुये. ये उद्यापासून." आणि मी गेले. तू म्हणालीस, बाईमाणसानं हात काळे करावे ते चुलीपुढे.

आणि पहिली मोटर मी भरली तीसुद्धा आपलीच! बसवली, बटण दाबलं, मोटर गरगर फिरली आणि पाणी आलं करंगळीएवढं. मी रडकुंडीला आले. वाकून पाहते तर मोटर उलटी फिरत होती, दोन वायरी मी उलट जोडल्या होत्या. तू बांधावर कोथिंबीर खुडत होतीस. म्हणालीस, "काऊन वं, पानी वापस विहिरीत चाल्लं का?" मी वायरी बदलल्या, आणि पाटात असा लोंढा आला की तुझं खुडलेलं सांभार वाहून गेलं. त्या दिवशी तू पहिल्यांदा शेजारच्या वावरातल्या बाईला हाक मारून सांगितलंस, "मंगीनं भरली!" सांभाराचं नुकसान झालं, पण तू एक शब्दही बोलली नाहीस.

सांगते माय, दुरुस्त झालेली मोटर पहिल्यांदा सुरू होते ना, आवाज एकसारखा, कुठे घरघर नाही, तेव्हा मला वाटतं की मी याचसाठी जन्मले. कारंजाला हायवेवर हे दुकान टाकलं तेव्हा सुरुवातीला गाडी थांबवून शेतकरी विचारायचे, मिस्त्री कुठं आहे? मी म्हणायची, मीच. ते माझ्या मागे पाहायचे, कोणी गडी दडला आहे की काय! आता तेच ऐन ओलिताच्या दिवसांत फोन करतात, मंगलाताई, तुमच्याशिवाय कोणाच्या हातात देणार नाही. इथे मी शर्ट-पँट घालते, केस कापलेत, कोणी काही म्हणत नाही. दुकानात मी अख्खी असायची आणि गावाच्या फाट्यावर उतरले की अर्धी. हे मला अकरा वर्षं सलत होतं.

पण सगळ्यात वाईट मी वागले ते तुझ्या आजारपणात. दवाखान्यात कविता रोज दोन वेळा डबा घेऊन यायची, ड्युटी सांभाळून. एकदा सिस्टरनं विचारलं, ह्या कोण तुमच्या? दादा बाजूला उभा होता, दोन गाववाले होते. मी म्हणाले, "शेजारीण." कविता डबा हातात घेऊन दारातच उभी होती. तिनं डबा ठेवला, तुझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला आणि गेली. घरी आल्यावर म्हणाली, "शेजारीण म्हन्ते मले. तिकीट तरी कोनत्या गावचं फाडू मी सोताचं?" मी हसले. ती हसली नाही. ताटं वाढता वाढता म्हणाली, "माय गेल्यावर तरी खरं बोलशीन का, मंगला? का मंग दुसरं कोनी सापडन तुले, ज्याच्यासाठी गप राहाव लागते?"

तू गेलीस तेव्हा तिचा तो प्रश्न माझ्या उशाशी होता. आता बंधन उरलं नव्हतं. आता जर मी बोलले नाही, तर तो तुला दिलेला शब्द राहणार नव्हता, माझा भित्रेपणा ठरणार होता.

आता तेरवीचं ऐक.

रीत तुलाच जास्त ठाऊक. दुखवट्याचे कपडे ज्याचे त्याचे सोयरे आणतात. दादाला टॉवेल-टोपी त्याच्या सासरहून आली. वहिनीला लुगडं तिच्या माहेरच्यांनी आणलं. बाबांचे थोरले भाऊ म्हणून मोठेबाबाच चटईवर बसून एकेकाचं नाव पुकारत होते आणि ज्याचं त्याला देत होते. मी मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. मला कोण आणणार? बाबांच्या तेरवीलाही मी अशीच बसले होते.

तेवढ्यात आष्टीहून कविताची आई आली. मी बोलावलं नव्हतं! ठेंगणी बाई, काखेत पिशवी, मागे कविता, तिचा चेहरा पांढराफटक. आई बायकांमध्ये बसली नाही. तडक मोठेबाबांसमोर गेली आणि पिशवीतून एक हिरवं लुगडं काढलं. मग टॉवेल काढला. मग पांढरी टोपी.

"कोनाले?" मोठेबाबांनी विचारलं.

"मंगलाले."

बायका माना वळवून पाहू लागल्या. आचारीसुद्धा झारा धरून उभा राहिला.

"एकीले दोन दोन काऊन?"

"तेच तं मले समजून नाई राह्यलं, भाऊ," ती म्हणाली. "मंगला मायी सून समजाव, तं लुगडं आनाव लागते. अन् मी पोरगी देली समजाव, तं जावयाले टोपी आनाव लागते. बसमदी पुरा रस्ता इचार केला. दुकानदाराले बी इचारलं, थो म्हने मले नाई मालूम. मंग दोन्ही आनलं. तुमी मोठे आहा, तुमीच सांगा."

माय, मी कविताकडे पाहिलं आणि उठले. म्हणाले, "मोठेबाबा, मले सगळ्याइसमोर सांगायचं आहे. कविता मायी शेजारीण नाई. नुसती मैत्रीण बी नाई. अकरा वर्षांपासून आमी दोघी..."

"ते मालूम आहे वं!" मोठेबाबा खेकसले. "टोपी घालू का लुगडं देऊ, थे सांग. पंगत खोळंबून राह्यली."

मी उभीच! इतकी वर्षं जे दडवलं होतं ते बोलले, आणि म्हाताऱ्याला पंगतीची घाई! तोंडातून निघालं, "दोन्ही द्या."

मग मोठेबाबांनी खरंच माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. ती एवढी मोठी की कानांवर आली. खांद्यावर टॉवेल टाकला. कविताच्या आईनं कुंकू लावलं आणि मांडीवर लुगडं ठेवलं. पहिल्यांदा मोठीआई फिसकन् हसली, मग वहिनी, मग सगळ्या बायका. तुझ्या तेरवीत लोक हसले, माय. राग मानू नको. लहाना मामा मात्र उठला, चप्पल पायात सरकवली आणि न जेवता गेला. दादा त्याच्या मागे धावला नाही. वाईट वाटलं, पण खरं सांगू? तेवढं चालतं.

पंगतीत वहिनीनं कविताला माझ्या बाजूला बसवलं आणि तिच्या आईला सोयऱ्यांच्या रांगेत.

संध्याकाळी भांडी घासताना वहिनीला विचारलं, "तुमाले कधी समजलं?"

"मायनंच सांगतलं. मी या घरी आल्यावर दुसऱ्याच वर्षी. मोठेबाबाले बी तिनंच सांगतलं, मोठीआईले बी. म्हने, मंगीसमोर बोलू नका. तिले अवघड वाटन, मंग ते घरी येनं बंद करन."

अगं माय! माझ्या हातातली परात खाली पडली. मला म्हणालीस गावात बोलू नको, आणि गावाला म्हणालीस मंगीसमोर बोलू नका! मधे तू एकटी दोन्हीकडे पहारा देत बसलीस. सगळ्यांना ठाऊक, आणि सगळे माझ्यासाठी गप्प, आणि मी तुझ्यासाठी गप्प! कशाला गं? लेक घरी यायची थांबेल या भीतीनं? मी आले असते. भांडून का होईना, आले असते. तू एकदा विचारायचं होतंस. या लपवाछपवीत कविता कोणाचीच कोणी झाली नाही, तिचे ते दिवस आता आणू कुठून?

रात्रभर तुझ्यावर चिडले होते. सकाळी बसमध्ये बसले तर हसूच येत राहिलं. कविता म्हणाली, "काय झालं?" मी म्हणाले, "काई नाई, पानी वापस विहिरीत चाल्लं होतं." तुझा राग कुठे उतरला, कोणत्या थांब्यावर, कळलंसुद्धा नाही. आता फक्त मोकळं वाटतं, आणि राख सावडली त्या दिवसासारखी त्याची लाज वाटत नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. दुकानात तू कितीदा आलीस, बाकड्यावर बसून चहा प्यालीस. दुकानाच्या वरच आमच्या दोन खोल्या आहेत. तिथे तू कधी आली नाहीस. गुडघे दुखतात म्हणायचीस, आणि आर्वीच्या बाजारात भाजीचं पोतं घेऊन ओटे चढायचीस!

येत्या आखजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, तेव्हा दादा तुझी घागर घरी भरेल, ती त्याची रीत आहे. पण एक घागर आम्ही इथे वर भरू. माझा हात, त्याला कविताचा हात लावून. शेजारपाजारच्यांना जेवायला बोलावू आणि कोणी विचारलं तर तुझं नाव सांगू, आमचंही सांगू. हा माझा शब्द, आणि या वेळी तो तू मागितलेला नाहीस, मी आपणहून देते. तेरा पायऱ्या आहेत. आता काही गुडघे दुखायचे नाहीत तुझे.

येजो, माय.

तुझ्या,
मंगी आणि कविता