जाड गिटार खाली आणली
सांगली, डिसेंबर १९९८, संध्याकाळ

ऑर्केस्ट्राच्या तालमीत मी गिटार बदलली आणि आमची गायिका सुनंदा गाता गाता थांबली, तिथंच माझं सगळं बदललं. या गिटारच्या तारांखाली हमबकर पिकअप, म्हणजे आवाज पकडणारं दुहेरी गुंडाळीचं चुंबक; त्याचा आवाज जाड, मोठा. तिचं गाणं पार बुडालं. मी तडकून प्रोसेसरवर, गिटारचा आवाज कमीजास्त करायच्या पेटीवर, दुसऱ्या, सिंगल कॉइलच्या म्हणजे एकेरी गुंडाळीच्या बारीक गिटारचा आवाज वाढवला. झाली की बरोबरी!

"वाढवतोस काय रं? मोठीला खाली आण. न्हाईतर उद्याच्या कार्यक्रमात मी गात न्हाई."

कॉलेज सोडताना वडिलांचं, आबांचं ऐकलं नाही, हिचं कसं ऐकलं? आत्ता जाड गिटारचं सेटिंग वेगळं केलं. आवाज खाली, खर्ज कमी. दोन्ही सारख्या वाटतात. पण आता तिचं गाणं बुडत नाही ना, हे तिच्या गळ्याशिवाय कसं कळणार? तिलाच घरून बोलावून आणतो. नाही म्हणाली तर? म्हणू दे. निघालो, दार ओढून घेतो.