चार लिवा, बाई

वडनेर, तालुका हिंगणघाट
२६ फेब्रुवारी १९५५

ती. कमलताईस,

कांताचा नमस्कार. मी इकडे बरी आहे. तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते, कारण संक्रांतीनंतर तुझं पत्र नाही. भाऊजींची गिरणीतली पाळी बदलली का? तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे?

हे पत्र मी पोस्टात टाकलं नाही. ज्या बाईच्या हातून ते तुला मिळालं, तिचं नाव सखू. तिला वाचता येत नाही, तेव्हा दारात उभ्या उभ्या वाचायला लागू नकोस. आधी तिला पाणी दे. कडेवरच्या पोराला भाकरीचा तुकडा दे.

तिला एक रात्र तुझ्याकडे राहू दे. सकाळी पुलगावहून आर्वीच्या छोट्या गाडीने तिला रोहण्याला जायचं आहे. जमलं तर तू सोबत जा. तिथे तिला एकटीला कोणी उभं करेल असं मला वाटत नाही.

आता का ते सांगते. मघापासून चारदा उठून दारापर्यंत जाऊन आले. बसवत नाही.

आमचं पाहणीचं काम तुला माहीतच आहे. घरोघर जायचं, बायकांना विचारायचं, मुलं किती झाली, किती जगली, किती गेली. नागपूरच्या शिकवणीत बजावलं होतं की गेलेलं मूल धरूनच आकडा घ्यायचा, आणि बाईला सांगायचं, हे कोणाला कळणार नाही. हे वाक्य मी या गावात साठ-सत्तर घरी म्हटलं असेल. म्हणता म्हणता ते गुळगुळीत झालं होतं.

सखूच्या घरी गेले तेव्हा ती तुरी पाखडत होती. सासू शेजारीच बसलेली. सखू म्हणाली, "तीन झाले. एक गेलं, दोन हायेत." मी लिहिलं आणि निघाले. गावाबाहेर कपाशीच्या शेताच्या बांधावर ती मागून पळत आली. धाप लागलेली.

"बाई, तीन लिवलं ना? चार लिवा."

"काऊन?" का ते मीही तिच्याच बोलीत विचारलं.

"पह्यल्या घरची पोरगी हाय मले. गुलाब. रोहण्याले आजीपाशी हाय. तो नवरा मेला न् भावानं माह्या पाट लावून देल्ला. त्यानं इथल्याले सांगतलं, पोरगं-बिरगं काई नाई म्हून. सात वर्स झाले, मी तिचं नाव तोंडातून काढलं नाई." मग म्हणाली, "पन तुमी म्हनलं ना, झालेले सगळे लिवाचे. मंग ते कशी सोडू? सांगसान त नाई कोणाले?"

मी म्हटलं, नाही. तिच्यासमोर तीन खोडून चार केलं. तिने तो आकडा बोटाने दाखवायला लावला. बराच वेळ बघत राहिली, ताई. जशी काही पोरगीच बघत होती.

पुढच्या आठवड्यात आमचे वरचे तपासनीस प्रभाकरराव आले. काही घरं ते पुन्हा विचारून पाहतात. नत्थूच्या, म्हणजे सखूच्या नवऱ्याच्या, अंगणात खाटेवर बसले. सासू होती, नत्थू होता, शेजारचे दोघं-तिघं होते. कागदावर बघून त्यांनी सरळ विचारलं, "पहिल्या घरची मुलगी धरून चार ना?"

नत्थू म्हणाला, "कोनती पोरगी?"

सखूचं सूप हातातच राहिलं.

पुढचं लिहीत नाही. सासूने तिला त्याच संध्याकाळी दाराबाहेर बसवलं. थोरल्याला ठेवून घेतलं. धाकटा अंगावर पितो, म्हणून तेवढा तिच्याकडे. तेव्हापासून दोघं माझ्याकडे आहेत.

ताई, इथपर्यंत वाचून तू म्हणशील, साहेबाची चूक. मीही दोन दिवस तेच म्हणत होते. पण कागदावर फक्त चार होतं. पहिल्या घरची, हे त्यांना कोणी सांगितलं? मी. खाडाखोड पाहून ते म्हणाले, "हा आकडा तुम्ही मनाने वाढवलात का?" मी 'हो, माझी चूक' म्हणू शकले असते. पण एप्रिलपासून नोकरीत कायम करण्यासाठी दोन नावं जाणार आहेत, त्यात माझं होतं. मला माझं काम चोख दिसायला हवं होतं. तिची सगळी हकिगत मी त्यांना सांगितली. पान वाढून पुढे ठेवावं तशी सांगितली.

काल सकाळी नत्थू मी राहते तिथे आला. तो मारायला आला असं मला वाटलं. दाराशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, ते पोरगी केवढी हाय, काय खाते, हे लिवलं हाय का तुमच्या कागदात?" मी म्हटलं, असं आम्ही विचारत नाही. तो म्हणाला, "मंग काय विचारता?" मग उठता उठता म्हणाला, "तिले म्हना, जाऊन पाह्य पोरीले. मांगून काय कराचं, ते आज मले समजून नाई राह्यलं."

म्हणून ती निघाली आहे. तिला काही विचारू नकोस, ताई.

आणि हे लिहायला तर मला इतका वेळ लागला. संक्रांतीला तुझ्याकडे आले तेव्हा माझ्याकडे नवे कागद होते. सराव म्हणून तुझ्या सासूबाईंसमोर, जावांसमोर, हसत हसत तुला विचारलं, दिवस किती वेळा राहिले, गर्भ किती वेळा पडला. तू उठून आत गेलीस. मी हाक मारली, "अगं, नुसता सराव!" त्यानंतर मी निघेपर्यंत तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तेव्हा मला वाटलं, ताई फार मनाला लावून घेते.

मला उत्तर नको. या बाईला तेवढं घरात घे.

तुझी,
कांता

*

वडनेर
४ मार्च १९५५

प्रिय ताई,

सखू परवा परत आली. सोबत गुलाब. नऊ वर्षांची आहे, आणि कोणी काही विचारलं की आधी आईकडे बघते.

रोहण्याचं सगळं सखूने सांगितलं. म्हातारी पोरगी देईना, तेव्हा तू दुपार होईतो तिच्या ओट्यावर बसून राहिलीस आणि म्हणालीस, मायलेकी एका गाडीने जातील, नाहीतर मीही इथून हलत नाही. ताई, तू! सासूबाईंपुढे मान वर न करणारी तू.

मोटर थांबते तिथे नत्थू उभा होता. तीन दिवस रोज येत होता म्हणे. विचारलं तर सांगायचा, सरकीचं काम आहे. त्याने पोरीला उचललं नाही, जवळही घेतलं नाही. तिचं गाठोडं घेतलं आणि म्हणाला, "चाल." सासू अजून सखूशी बोलत नाही. पण काल ताट वाढताना एक भाकरी जास्त टाकली, हे सखूने मला मुद्दाम येऊन सांगितलं.

माझं म्हणशील तर महिनाअखेर काम संपलं. मी प्रभाकररावांना म्हटलं, आकडा राहू द्या, कागदावरून बायकांची नावं काढा. ते म्हणाले, नाव नसेल तर तपासायचं कसं? मी म्हटलं, अंगणात बसून तपासायचं नाही. कायम होणाऱ्यांत आता माझं नाव नाही. वाईट वाटतं. खोटं कशाला सांगू, रात्री उशिरापर्यंत वाटत राहतं. शकुंतलाबाई इथल्या शाळेत शिकवतात, तिथे माझ्यासाठी नोकरीचं बघते म्हणाल्या.

काल जाताना सखू माझ्या उंबऱ्यात थांबली. म्हणाली, "तुमच्या बहिनीनं निरोप देल्ला हाय. एकच सबूद. कांताले सांगजो म्हने, न् मांगून विसरून जाजो." मग तिने इकडेतिकडे पाहिलं, कानाशी आली आणि संक्रांतीला मी तुला विचारलेला तो आकडा सांगितला.

ताई, तो मी इथेही लिहीत नाही.

इतकी वर्षं तू तो एकटीने कसा धरून ठेवलास? हा प्रश्न नव्हे. याला उत्तर देऊ नकोस.

शनिवारच्या गाडीने पुलगावला येते. घरात सगळे असतील तर आपण नुसत्या भाज्या निवडत बसू. तू बोललीस तर ऐकेन, नाही बोललीस तर तुझ्याजवळ बसेन.

तुझ्या दोन्ही हातांवर डोकं ठेवून,
तुझी धाकटी
कांता