तुझ्या माहेरचा प्लग

तुला काय म्हणून हाक मारावी, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. रीतीप्रमाणे तू थोरली, म्हणजे ताई. पण तू गेलीस तेव्हा ऐन तिशीत होतीस आणि मी आता पन्नाशी ओलांडून गुडघ्यांना तेल चोळत बसलेली बाई आहे, तेव्हा ताईबिई राहू दे. आपण एकमेकींना कधी पाहिलंसुद्धा नाही. तू गेल्यावर काही वर्षांनी मी पनवेलच्या या घरात आले, तुझ्याच ओट्यावर स्वयंपाक केला, तुझ्याच नवऱ्याला 'अहो' म्हटलं आणि दर भाद्रपदात अविधवा नवमीला तुझ्या नावाने सवाष्ण जेवू घातली. त्या पानावर वालाचं बिरडं लागतंच, कारण तुला ते आवडायचं. मोड आलेले वाल सोलून सोलून माझी बोटं सुरकुततात, आणि पहिला घास घेऊन हे दरवर्षी तेच म्हणतात, "झालंय छान. पण तिच्या बिरड्याची चव काही वेगळीच होती." मी वाटी पुढे सरकवते.

निवृत्त झाल्यावर यांनी ती छोटी विजेची गाडी घेतली. सोसायटीतले लोक म्हणायचे, काकांनी फंडातून खेळणं आणलंय. आवाज नाही, धूर नाही, दोन माणसं आणि एक पिशवी बसली की भरली. पूर्ण चार्ज केली तर शंभरेक किलोमीटर जायची, तीही एसी बंद ठेवून आणि देवाचं नाव घेऊन. आणि यांच्या डोक्यात आलं की हिला रत्नागिरीपर्यंत न्यायची, पेट्रोलचा एक थेंब न जाळता. तेव्हा हायवेवर चार्जिंगची सोय कुठली असायला! म्हणजे दर सत्तर-ऐंशी किलोमीटरवर असं एखादं घर हवं, ज्यात मोठा प्लग आहे आणि ज्यातली माणसं आपल्याला पाच-सहा तास सहन करतील. हे फोन घेऊन बसले. कोलाडला तुझा भाऊ. पोलादपूरच्या अलीकडे तुझी आई. चिपळूणला तुझी मावशी. अख्खं कोकण तुझ्याच माहेरच्यांनी भरलेलं. माझं माहेर उरणला, मोऱ्याच्या बंदराजवळ. आई मी शाळेत असतानाच गेली, आता भाऊ-वहिनी आहेत. तर हे म्हणाले, "उरणला जाऊन-येऊन एका चार्जमध्ये भागतं, तिथे थांबायची गरजच नाही." असं बोलण्यात काही वावगं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मग तिलाच घेऊन जा," मी म्हटलं.

"अगं, प्लग कुठे आहे ते बघायचं, का माणसं कुणाची ते?"

शेवटी मीही गेले. न जाऊन सांगते कुणाला! कर्नाळा मागे पडलं, वडखळपर्यंत खड्ड्यांनी हाडं खिळखिळी केली, आणि कोलाडला पोचलो तेव्हा गाडीतला आकडा बघून यांच्या कपाळावर घाम होता. तुझ्या भावाने खिडकीतून वायर आत घेतली. मला बसायला खुर्ची दिली ती नेमकी तुझ्या फोटोसमोर. हार घातलेल्या फोटोत माणसं गंभीर असतात, तू मात्र दात दाखवून हसतेस. तुझी वहिनी चहा देताना म्हणाली, "वन्सं आल्या की घर नुसतं हसत असायचं हो." मग पोहे देताना म्हणाली, "वन्संना वर भरपूर खोबरं लागायचं," आणि मलाही भरपूर घातलं. मला ओलं खोबरं सोसत नाही. मी खाल्लं. पेट्रोलची गाडी असती तर 'बराय, निघतो' म्हणून उठता आलं असतं. इथे चार्जरचा हिरवा दिवा लुकलुकतोय आणि मी तुझ्या हसण्याखाली दुपारपर्यंत बसले आहे. मत्सर हा शब्द पुस्तकी वाटतो गं, पण दुसरा कुठला वापरू? मी आजारी पडते, चिडते, मीठ जास्त घालते. तू काहीच करत नाहीस. तुझ्याशी कोण बरोबरी करणार?

तुझ्या आईच्या गावाला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गाडी जवळजवळ संपली होती. त्या दारातच उभ्या होत्या. मी मनात तयारी करून ठेवली होती की आता रडतील, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतील. त्या म्हणाल्या, "लाईट नाय. दुपारपास्नं गेलीय."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाण्याच्या मोटारीचा तो मोठा प्लग पडवीत होता, पण त्यात वीजच नव्हती. हे वायरमनला शोधायला गावात गेले. तुझ्या आईने कोमट पाण्यात घातलेल्या वालांचं पातेलं आणून मधे ठेवलं.

"सोलशील का गो बाय जरा? माज्या बोटांत आता जोर नाय."

मी सोलायला बसले. नवमी घराबाहेरही सुटत नाही, असं मनात येऊन गेलं. मग बोलायचं म्हणून मी म्हटलं, "यांच्या सांगण्यात नेहमी येतं, तिच्या हातचं बिरडं फार छान व्हायचं."

म्हातारी हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली.

"तिच्या हातचं? आगो, तिनं जन्मात कदी वाल सोलला नाय! मी सोलून डब्यातनं धाडायची, वाटणपन माजंच. तिनं नुसता गॅस पेटवायचा."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला आनंद झाला. इतका, की वर बघायची लाज वाटली. इतकी वर्षं ज्या चवीपुढे मी हरत होते ती तुझी नव्हतीच.

"बसायचीच नाय ती," त्या बोलत राहिल्या. "मोटारसायकलवर यायची दोगं. च्या घेतला की निगाली. म्या म्हनायची, ऱ्हा गो आजच्या दिस. तर म्हनायची, पुडल्या वेळी आई, पुडल्या वेळी." त्यांनी एक वाल सोलायला घेतला, बोटांतून निसटला तसा परत पाण्यात टाकला. "तुजी गाडी बरी. मानसाला बसवून ठेवते."

दिवेलागणीला लाईट आली. हे धावत आले, प्लग लावला, दिवा हिरवा झालेला बघून समाधानाने जेवले आणि लवकर आडवे झाले. बिरडं खाताना यांनी बोटं चाटत सांगितलं, "ही ती चव!" मी आणि तुझ्या आईने एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही, नाहीतर दोघींना हसू फुटलं असतं. मी मोरीवर हात धूत होते. त्या भांडी आवरत पडवीत गेल्या, प्लगपाशी उभ्या राहिल्या आणि बोटाने बटण वर केलं. हिरवा दिवा गेला. वळल्या तर समोर मी. मी बटण तसंच राहू दिलं आणि पदराला हात पुसत आत आले.

सकाळी यांनी गाडी बघितली आणि ओरडले, "बटण कुणी बंद केलं?" म्हातारीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "माझ्याकडूनच झालं असेल, दिवे मालवताना." यांची बोलणी खाल्ली. पण दुपार टळेपर्यंत निघायचा प्रश्नच उरला नाही. तुझ्या आईने मला अंगणात उन्हाला बसवलं आणि डोक्याला तेल लावलं. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणी तेल लावलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुला काय आवडतं गो खायला?" मी म्हटलं, "सुके बोंबील." तर शेजारणीकडून मागून आणून भाजले.

रत्नागिरीला पोचलो आम्ही. समुद्र बघितला, फोटो काढले. यांना विचारशील तर गाडीच्या पराक्रमाचंच सांगतील. आता ती गाडी थकली आहे, आणि हे नव्या गाडीचं बोलतात, एका चार्जमध्ये पार रत्नागिरी गाठणारी, मधे कुठे थांबायलाच नको. मी म्हटलं, "कशाला खर्च, आहे ती बरी आहे."

परवा नवमी आहे. वाल भिजत घातलेत. हा कागद तुझ्या पानाखाली ठेवायचा, म्हणून लिहायला घेतला होता. पण त्या बटणाचं तुझ्या आईला ठाऊक आहे आणि मला, बाकी कुणालाच नाही. या घरात, या माणसांत, तुझ्याशिवायचं असं माझ्याकडे एवढं एकच आहे. ते तुला कशाला देऊ? शिवाय मी धरून चालले आहे की त्यांनी ते बटण माझ्यासाठी बंद केलं. तू कधी थांबली नाहीस म्हणून केलं असेल तर मला कळायला नको. पान वाढीन, खोबरंही भरपूर घालीन. कागद मात्र माझ्या बांगड्यांच्या डब्यातच राहील.