डाळिंबाची भिंत

प्रिय मोहिनूर,

फोनच्या पडद्यावर फोडलेलं स्वयंपाकघर पाहिलंस आणि माझ्यावर चिडलीस. चिडणारच. आईच्या लाडक्या फरशीला आणि ओट्यामागच्या डाळिंबाच्या भिंतीला मी हात लावलाच कसा? तेव्हा शेजारी तुझी आई बसली होती, म्हणून काही बोललो नाही. आज बाहेर बर्फ वितळतंय, ती उन्हात पेंगते आहे, म्हणून लिहायला बसलो.

ती फरशी तुझ्या आईनं, माझ्या साओदतनं, कशी निवडली होती, आठवतं? अख्ख्या कोकंदमधली दुकानं पालथी घातली होती. मी म्हणत होतो, एकाच रंगाची घेऊ, मळ दिसणार नाही. ती म्हणाली, "मळ दिसायलाच हवा, नाहीतर पुसणार कसा?" मग काळी आणि पांढरी, एकाआड एक, आरशासारखी चकचकीत. भिंतीच्या टाइल्सवर लालबुंद डाळिंबं रंगवलेली. शेजारणी नान भाजायचं निमित्त काढून ती भिंत पाहायला यायच्या आणि हिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत.

मागच्या शरदात एक दिवस ती किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. आत जाईना. मी विचारलं तर म्हणाली, "खड्डे पडलेत." मी हसलो. मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. मग ती फक्त पांढऱ्या फरश्यांवरून पावलं टाकायला लागली, तुम्ही पोरं अंगणात चौकटी आखून टिक्कर खेळायचात ना, तशी. एकदा तशीच उडी मारताना गरम सूपच्या पातेल्यासकट पडली. भाजली नाही, एवढंच नशीब. फरगानाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. म्हणाल्या, डोळे उत्तम आहेत. पण काळं दिसलं की यांना खोल वाटतं, चकचकीत दिसलं की पाणी वाटतं. पुढचं बोलताना त्यांनी आवाज खाली आणला. मी सतरंजी अंथरून पाहिली, तर ती सतरंजीलाच वळसा घालून जायला लागली.

भिंतीचं वेगळंच. ती डाळिंबं तोडायला बघायची. हातात वाडगा घेऊन, नखांनी. एकदा नखाखालून रक्त आलं, तरी थांबेना. म्हणाली, "पिकलीत, आता गळतील."

म्हणून तिला घेऊन बाजारात गेलो. दुकानदार शुहरत तुझ्या शाळेतलाच. त्यानं संगमरवरी नक्षीच्या, सोनेरी रेघांच्या टाइल्स काढल्या. मी म्हटलं, साधी दाखव, पिठाच्या रंगाची, बिनचमकीची, वेलबुट्टी नको. तो हसला. "सोबिरकाका, घर सजवताय की दवाखाना बांधताय?" मी नमुने उचलून दुकानाबाहेरच्या पायवाटेवर ओळीनं मांडले आणि साओदतला म्हटलं, चल बघू यावरून. राखाडीपाशी ती थबकली. ठिपक्यांच्या टाइलवर वाकून ठिपके वेचायला लागली. शुहरत पाहत होता. तो आत गेला, एकेक नमुना आणून तिच्या पायांपुढे ठेवत गेला. शेवटी एका फिकट बदामी टाइलवर तिनं सरळ पाऊल टाकलं, रबरी बूट काढून मोज्यानं उभी राहिली आणि म्हणाली, "ही चांगली आहे. ही पाय धरून ठेवते." शुहरतनं तोंड फिरवून डोळे पुसले. भिंतीसाठीही त्यानं त्याच रंगाची, कोरी टाइल काढून दिली.

गवंडी नेमत उस्तानं जुनी भिंत फोडायला घेतली. एखादं डाळिंब ठेवू का, म्हणून त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. दिसलं की ती पुन्हा नख लावणार. तिला मी तेवढा वेळ शेजाऱ्यांकडे बसवलं होतं. तो आवाज तिनं ऐकू नये, असं वाटलं. ऐकला मी.

नव्या टाइल्सचे सांधे वाळल्यावर तिला आणलं. उंबऱ्यापाशी थांबली. मग पोरी, ती चालत आत गेली. कशाला न धरता, सरळ चुलीपर्यंत. किटली चढवली. हात पूर्वीसारखेच चालत होते. मी उंबऱ्यावरच बसलो. तिनं चहा केला, पियाल्यात अर्धाच ओतला, आपल्याकडे मानाच्या पाहुण्याला ओततात तसा, आणि छातीवर हात ठेवून अदबीनं माझ्यापुढे केला. म्हणाली, "घ्या ना. घरधनीण बाहेर गेलेली दिसते. फरशी मात्र छान निवडलीय हो तिनं. ती आली की सांगाल?"

मी म्हटलं, "सांगतो."

नौरूझच्या सणाला तू बुसानहून येते आहेस. हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि ती शेजारून विचारत बसली असती, कोण रडतंय म्हणून. म्हणून हे पत्र. काय रडायचं ते तिथेच रडून घे. ती तुला ओळखणार नाही, मोहिनूर. मलाही आता क्वचितच ओळखते. दारात आल्यावर "आई, मी कोण सांग" असं विचारू नकोस, ती घाबरते. तीच तुला विचारेल, कुणाची गं तू? तेव्हा 'साओदतची' म्हण. ते नाव ऐकलं की तिचा चेहरा अजून खुलतो. म्हणते, तिला मी चांगली ओळखते, फार कष्टाची बाई आहे.

तुझाच,
बाबा