शून्याचा फ्लेक्स उतरवण्याविषयी

डार्मश्टाट,
शुक्रवार, १५ फेब्रुवारी २०१९

ती. पद्माकरकाकांना,

सुनेत्राचा साष्टांग नमस्कार. काकूंचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम (भात रोज, भाजी कधीकधी). पोस्टाला वेळ लागेल म्हणून पत्राचा फोटो आपल्या अन्वीच्या फोनवर पाठवतेय.

चौकातल्या फ्लेक्सचा फोटो तिनेच पाठवला. 'घरातली पहिली पदवीधर, आता जगात पहिली' हे वाचून लगेच हे पत्र लिहायला बसले. रविवारी सत्कार, प्राचार्य येणार, पेढे सांगून झाले. काका, तो फ्लेक्स कृपा करून उद्याच उतरवा.

झालं असं. आम्ही प्रयोगशाळेत लँथनम नावाचा धातू आणि हायड्रोजन दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबतो (हिरे खड्याएवढे आहेत आणि माझे नाहीत, हे काकूंना सांगा). दाब हवेच्या सतरा लाख पट नेऊन लेझरने तापवलं, की हायड्रोजनचे अणू धातूच्या प्रत्येक अणूभोवती पिंजरा बांधतात. पिंजरा सगळीकडून सारखा झाला, तर उणे वीस-पंचवीस अंशांवरच वीज विनाअडथळा वाहते. वाकडा झाला, तर आणखी थंडी लागते. माझ्या नमुन्यात मंगळवारी अडथळा शून्य आला, तोही खोलीतल्या उबेत! माझे मार्गदर्शक सर खूश झाले, सोमवारी गटाला दाखव म्हणाले. आता वीज वाटेत वाया न जाता आपल्या गावापर्यंत येणार, असं मनात येऊन मी ट्रामच्या थांब्यावरूनच तुम्हाला फोन केला. (तपासण्याआधी कळवणं आपल्या घरात नवं नाही. माझ्या बारावीचे पेढे तुम्ही निकालाच्या आदल्या दिवशी वाटले होते.)

काल आमच्या गटातल्या सत्यजितदादाने (मूळचा पुण्याचा, आता प्रत्येक वाक्य जर्मन 'आल्झो'ने, म्हणजे 'तर मग'ने, सुरू करतो) नमुना पाहिला. म्हणाला, "आल्झो सुनेत्रा, ह्याच्यावर डबा गरम केलास तरी शून्यच दाखवेल. मोजायच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्यात गं!" क्ष-किरणांनी पाहिलं, तर पिंजराही नाही, हायड्रोजन पुरेसा आत शिरलाच नव्हता.

चुकण्यापेक्षा चूक लपवणं वाईट, असं मला मनापासून वाटतं. म्हणून सगळं लिहिलं. लोक हसले तर माझं नाव सांगा.

तुमची,
सुनेत्रा

ता. क. पेढे परत घेत नसतील तर वाटून टाका. कारण सांगू नका.

ता. क. २. सरांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी दहा वाजता वीस जणांसमोर उभं राहायचंय. हे पत्र म्हणजे सराव समजा. वाचताना नेमकं कोणत्या वाक्याला रागावलात ते उद्याच कळवा. ते मी सरांपुढे सगळ्यात शेवटी घेईन.